खाडा चालेल, खाडाखोड नको!

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर यात माझा आजही गोंधळ होतो. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळातली मैत्रीण मागे लागली तेव्हा मी चक्क हसले होते. पण ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती मला मराठीतच कळली, म्हणून मराठीतच लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

होस्टेलवर आल्यावर मी दोन नवीन शब्द शिकले. एक 'खाडा' आणि दुसरा 'खाडाखोड'. मला बरेच दिवस वाटायचं की दोन्ही एकाच घरातले. तसं नाही, हे यंदा फेब्रुवारीत कळलं. रात्री दीड वाजता!

झालं असं. आमच्या लेडीज होस्टेलच्या मेसचे दिवसाला १०० रुपये पडतात. सलग तीन दिवस किंवा जास्त गावाला गेलात तर खाडा धरतात आणि टर्मच्या शेवटी तेवढे पैसे बिलातून वजा होतात. पूर्वी खाडा टाकायचा म्हणजे मेसच्या काकूंच्या वहीत नाव आणि तारखा लिहून यायचं. आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून याचंच ॲप केलं. कॉमन रूममधल्या जुन्या पीसीवर ते दोन कंटेनरमध्ये चालायचं. एकात वेबसाइट, दुसऱ्यात डेटाबेस. जुलैपासून छान चाललं. मग आम्हाला शिंगं फुटली. जानेवारीत आम्ही नोटीस बोर्डावर कागद लावला, 'यापुढे वहीत लिहिण्याची गरज नाही.' काकू एवढंच म्हणाल्या, "तुमचं मशीन तुम्ही चालवा गं. जी मला तोंडी सांगून जाईल तिचं मी लिहीन."

फेब्रुवारीच्या शेवटी त्या पीसीची डिस्क भरली आणि ॲप उघडेना. मी एआय कोडिंग असिस्टंटला कामाला लावलं. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा नुसता प्रश्नाला उत्तर देणारा चॅटबॉट नाही. तो तुमच्या मशीनवरच्या फायली वाचतो, कोड लिहितो आणि टर्मिनलवर स्वतः कमांडही चालवतो. प्रत्येक कमांडच्या आधी परवानगी मागतो. दहा-बारा वेळा 'येस' दाबून मी वैतागले आणि 'पुन्हा विचारू नको' हा पर्याय निवडला. मग टाइप केलं, 'डिस्क भरली आहे. सगळं क्लीन करून पुन्हा चालू कर.'

त्यानं केलं. 'डॉकर कंपोज डाउन' आणि त्याच्यापुढे एक छोटंसं 'हायफन व्ही'. मग 'अप'. पडद्यावर हिरव्या टिका आल्या आणि खाली वाक्य, 'सर्व सेवा व्यवस्थित सुरू झाल्या आहेत.' खोटं नव्हतंच ते. मी ॲप उघडलं. एकही खाडा नव्हता. होस्टेलमधली एकही मुलगी त्यात नव्हती.

बॅकअप? होता ना! रोज रात्री बारा वाजता निघायचा आणि त्याच व्हॉल्यूममध्ये ठेवला जायचा. म्हणजे तिजोरीची डुप्लिकेट किल्ली तिजोरीतच. शेवटी हाती लागली ती डिसेंबरच्या सबमिशनसाठी पेनड्राइव्हवर घेतलेली कॉपी. जानेवारी आणि फेब्रुवारी गेले.

आता हे कंटेनर आणि हायफन व्ही काय प्रकरण आहे, ते आपल्या सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मंडळींसाठी थोडक्यात. (कॉम्पवाल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. पण सोडू नका. मलाही सगळं येतं असंच वाटत होतं.)

मुंबई-आग्रा हायवेला सीझनमध्ये उभं राहा. द्राक्षाचे कंटेनर एकामागून एक न्हावाशेवा बंदराकडे जाताना दिसतील. आत काय आहे याच्याशी ट्रकला, क्रेनला, जहाजाला देणंघेणं नसतं. डबा ठरावीक मापाचा असला की झालं. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदारानं 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले, तिथून ही पद्धत जगभर गेली. सॉफ्टवेअरमध्ये हीच कल्पना. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरायचं, मग तो डबा माझ्या लॅपटॉपवर चालतो तसाच सर्व्हरवर चालतो. लिनक्समध्ये यासाठी लागणारी यंत्रणा आधीपासून तयार होत होती. २०१३ साली सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर' जगापुढे आणलं आणि हे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनाही जमायला लागलं.

यात तीन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. इमेज, कंटेनर आणि व्हॉल्यूम. मेसच्या भाषेत सांगते. इमेज म्हणजे भाजीची पाककृती. कंटेनर म्हणजे त्या पाककृतीनं चुलीवर चढवलेलं पातेलं. पातेलं रोज घासायचं, उद्या नवीन चढवायचं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कंटेनर हे मोडण्यासाठीच असतात. आणि व्हॉल्यूम म्हणजे लोणच्याची बरणी. पातेली बदलतात, बरणी वर्षभर तिथेच असते. आमचे खाडे त्या बरणीत होते. 'कंपोज डाउन' पातेली उतरवतं आणि बरणीला हात लावत नाही. 'हायफन व्ही' लावलं की बरणीसुद्धा धुऊन पालथी घालतं. स्वयंपाकघर आवर म्हटल्यावर लोणचं फेकायचं नसतं, हे मेसमध्ये काल आलेल्या मावशींनासुद्धा सांगावं लागत नाही. असिस्टंटला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. खरं तर जुन्या इमेज आणि बिल्डची अडगळ काढली असती तरी जागा झाली असती.

दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमच्या केबिनमध्ये काकूंची वही उघडली. ज्या मुली तोंडी सांगून गेल्या होत्या त्यांचे खाडे वहीत होते. अकरा जणींचे नव्हते. त्यातली एक फर्स्ट इयरची, निफाडच्या बाजूची. आईचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि नेमकी द्राक्षाची काढणी चालू, म्हणून ती संध्याकाळीच सीबीएसवर गाडी पकडून घरी गेली. खाडा तिनं एसटीत बसून ॲपवर टाकला, कारण आमचीच नोटीस होती तशी. १९ दिवस. १९०० रुपये. ती भांडली नाही. "असू दे ताई," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

काकूंनी अकराही जणींना बोलावलं, प्रत्येकीला दिवस विचारले आणि वहीत लिहिले. पुढे शब्द घातला, 'तोंडी'. एकूण ७४ दिवस भरले, म्हणजे ७४०० रुपये. त्यातल्या कुणी दोन दिवस वाढवून सांगितले असतील का? असतीलही. काकूंना ते कळायला मार्ग नव्हता, आणि तो मार्ग आम्हीच बंद केला होता.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. चूक झाली असिस्टंटच्या हातून, परवानगी दिली मी, आणि भुर्दंड कुणाला? ज्यांनी आयुष्यात टर्मिनल पाहिलं नाही त्या काकूंना. शेवटी आम्ही तिघींनी पैसे काढून त्यांना दिले. त्यांनी सिनेमातल्यासारखं 'राहू दे बाळा' वगैरे काही म्हटलं नाही. मोजून घेतले, वहीत जमा लिहिले आणि माझी सही घेतली. बरोबरच केलं.

सही करताना मी वही नीट बघितली. सगळं पेनानं. कुठेही व्हाइटनर नाही. जिथे चुकलं तिथे एक आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर नवा आकडा, बाजूला सही. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "खाडाखोड केली की वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही गं. चुकलं तर रेघ मारायची. काय चुकलं ते दिसलं पाहिजे."

मित्रांनो, आपण डेटाबेसच्या लेक्चरला ट्रान्झॅक्शन लॉग शिकलो. मला त्यात चांगले मार्कसुद्धा पडले होते. पण लॉग कशासाठी असतो ते मला त्या वहीनं शिकवलं.

असो. आता कुणी म्हणेल, तू थर्ड इयरची पोरगी, तुझं चुकलं. मोठ्या लोकांचं चुकत नाही. चुकतं! जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत जेसन लेमकिन नावाचे उद्योजक 'रेप्लिट' या कंपनीचा एआय असिस्टंट वापरून एक ॲप बनवत होते. कोड फ्रीझ आहे, काहीही बदलू नको, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. मोठ्या अक्षरांत अकरा वेळा सांगितलं, असं ते म्हणतात. तरी असिस्टंटनं चालू डेटाबेस पुसला. बाराशेवर अधिकारी आणि अकराशेवर कंपन्यांची माहिती होती त्यात. वर तो म्हणाला की आता हे परत आणता येणार नाही. लेमकिन यांनी स्वतः करून पाहिलं तर परत आलं! कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय केली. नीट बघा, त्यांनी 'बाराव्यांदा सांगा' असं म्हटलं नाही. भिंत घातली.

यावरून आमच्या होस्टेलवर दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते, असिस्टंट बंदच करा, आम्ही हातानं शिकलो तसं शिका. दुसरी म्हणते, अगं एवढं काय, पुढचं मॉडेल येईल ते करणार नाही असं. मला दोन्ही पटत नाही. बंद केलं तर आपण लपूनछपून वापरणार, हे स्टाफलाही माहीत आहे आणि आपल्यालाही. आणि हुशार मॉडेलची वाट बघायची म्हटलं तर माझा असिस्टंट मठ्ठ कुठे होता? सांगितलेलं काम त्यानं अर्ध्या मिनिटात केलं. त्याला फक्त हे माहीत नव्हतं की आमच्या घरात लोणच्याची बरणी कोणती. ते माहीत असणं हे माझं काम.

म्हणून आम्ही नियम लिहायला बसलो. हल्ली प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये 'एजंट्स डॉट एमडी' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची पद्धत आली आहे. असिस्टंट काम सुरू करण्याआधी ती वाचतो. पहिला मसुदा अर्थातच मी इंग्लिशमध्ये लिहिला. झकास वाक्यं! प्रॉडक्शन डेटाच्या बाबतीत योग्य ती खबरदारी घ्यावी, वगैरे. माझी रूममेट चांदवडची. तिनं वाचलं आणि विचारलं, "खबरदारी घ्यावी म्हणजे त्यानं नक्की काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉन्व्हेंटनं मला एक शिकवलं, काहीही न सांगता छान वाक्य कसं लिहायचं. मग आम्ही काकूंना सांगतोय असं समजून मराठीत लिहिलं आणि नंतर इंग्लिश केलं. ते नियम असे:

१. तुझं काम तुझ्या डब्यात. प्रत्येक कामासाठी वेगळा कंटेनर आणि गिटवर वेगळी ब्रँच. मेसचं चालू ॲप तुझं नाही. (ही आयडिया आमची नव्हे. डॉकरवाल्या हाइक्स यांच्याच 'डॅगर' कंपनीनं २०२५ मध्ये 'कंटेनर यूज' हे ओपन सोर्स साधन काढलं. त्यात प्रत्येक असिस्टंटला स्वतंत्र कंटेनर मिळतो. सोबतचे नियम जेमतेम चार-पाच ओळींचे. सगळं काम त्या डब्यातच कर, गिटला परस्पर हात लावू नको, आणि तुझं काम कसं बघायचं ते माणसाला सांग.)

२. थांबव, पण पुसू नको. कंटेनर बंद करणं, चालू करणं, लॉग वाचणं, खुशाल कर. व्हॉल्यूम काढणारी कोणतीही कमांड तू चालवायची नाही. फक्त लिहून दाखवायची. टाइप माणूस करेल, स्वतःच्या हातानं.

३. तीन रकाने भर. काय करणार, त्यानं काय जाईल, गेलेलं परत कसं आणणार. तिसरा रकाना रिकामा असेल तर थांब.

४. बॅकअप आधी आणि बाहेर. त्याच व्हॉल्यूममध्ये नाही, त्याच पीसीवर नाही. आणि परत आणून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही.

५. दुरुस्ती पाककृतीत कर, पातेल्यात नाही. चालू कंटेनरच्या आत घुसून काहीतरी बदललं की आज चालतं आणि उद्या नवीन कंटेनर चढवला की गायब. बदल डॉकरफाइलमध्येच झाला पाहिजे.

६. पासवर्ड वाचू नको आणि इमेजमध्ये भरू नको. इमेज दुसऱ्याला दिली की आतलं सगळं जातं.

७. 'झालं' म्हणू नको, दाखव. कामाच्या आधी किती नोंदी होत्या आणि नंतर किती आहेत, दोन्ही आकडे लिही.

८. तीच चूक दोनदा आली की थांब आणि विचार. छोट्या कमांडनं जमलं नाही म्हणून मोठी कमांड आणायची नाही.

सातव्या नियमावर आमच्यात वाद झाला. त्या रात्री सर्व सेवा व्यवस्थित सुरू होत्या हे असिस्टंटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. 'नोंदी आधी इतक्या, आता शून्य' एवढं जरी त्यानं लिहिलं असतं तरी डेटा परत आला नसता, पण मी सकाळी मुलींकडून कळण्याआधी स्वतः जाऊन सांगितलं असतं. प्रत्यक्षात मी दीड वाजता बघितलं ते योगायोगानं. म्हणून तो नियम ठेवला.

नियम झाले. आम्ही खूश! निफाडच्या त्या मुलीला मुद्दाम वाचायला दिले, म्हटलं तिचा हक्क आहे. तिनं शांतपणे वाचले आणि म्हणाली, "ताई, यादीत जे नाही त्याचं काय?" मग तिनं घरची गोष्ट सांगितली. ती तेव्हा अगदी लहान होती, पण त्यांच्याकडे अजून बोलतात. २०१० साली आपल्याकडच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात, त्या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. आता यातली गोम बघा. २००६ पासून अपेडाचं 'ग्रेपनेट' होतं. कोणत्या प्लॉटची द्राक्षं कोणत्या कंटेनरमध्ये गेली याची नोंद होती. प्रयोगशाळेत तपासणी होत होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतं! यादीप्रमाणे माल पास, आणि युरोपात नापास. नंतर ते यादीत आलं. पण त्या वर्षी ज्यांचे पैसे अडकले त्यांना त्याचा काय उपयोग?

आमची यादी अगदी तशीच होती. जी चूक होऊन गेली तेवढी मनाई. पुढची चूक वेगळ्या कमांडनं होणार, आणि ती यादीत नसणार. म्हणून आम्ही फाइलच्या सुरुवातीला एक वाक्य टाकलं आणि सगळी फाइल उलटी झाली. 'खाली जे करायला सांगितलं आहे तेवढंच करायचं, बाकी सगळ्याला विचारायचं.' काय करायचं नाही याची यादी कधीच पुरी होत नाही. काय करायचं याची होते.

तरीही फाइल म्हणजे शेवटी कागदच. अकरा वेळा सांगून ऐकलं नाही तिथे आठ नियम काय करणार? इथे रूममेटचं घर कामाला आलं. शेतकऱ्याच्या घरात सातबारा सगळ्यांना पाठ असतो. मला सातबारा म्हणजे एक कागद एवढंच माहीत होतं. तिनं सांगितलं की जमिनीच्या नोंदीत बदल करायचा तर तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस होतो आणि फेरफाराचा नंबर राहतो. तलाठी ऑफिसात किती चकरा माराव्या लागतात त्याच्या कहाण्या सगळ्यांकडे असतील, मी त्यात पडत नाही. पद्धत बघा. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. आणि मध्ये वेळ.

आम्ही तेच केलं. मेसच्या पीसीवर असिस्टंटला आता खातंच नाही. तो माझ्या लॅपटॉपवर, खोट्या नावांच्या डेटावर काम करतो. बदल ब्रँचवर येतो, दुसरी मुलगी वाचते, मग तिसरी मेसच्या पीसीवर चढवते. डॉकर चालवायचा अधिकार दिला की त्या मशीनवर जवळपास रूटचाच अधिकार दिल्यासारखं असतं, हे डॉकरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांनी वाचलंय? हात वर करू नका, मला माहितेय.

एक आक्षेप मात्र खरा आहे. दुसऱ्या पार्टनरचं म्हणणं, "इतकं विचारत बसायचं तर असिस्टंट कशाला, मीच टाइप करते." पण त्या रात्री माझं काय झालं होतं? असिस्टंटनं मला विचारलंच होतं. फायलींची यादी बघू का, येस. लॉग वाचू का, येस. किरकोळ गोष्टींना बारा वेळा होकार दिल्यावर तेराव्याला माणूस वाचत नाही. नुसती मान हलवतो. नियमांचा खरा फायदा इथे आहे. किरकोळ कामांना एकदाच कायमची परवानगी, म्हणजे दिवसातून जो एखादाच प्रश्न येतो तो बरणीबद्दलचा असतो आणि तो आपण वाचतो. नियमांनी आमचं काम हळू झालं नाही. 'येस' ला किंमत आली.

तर आता स्टाफला एक विनंती आणि तुम्हाला एक. प्रोजेक्ट सबमिशनला आपण ब्लॅक बुक देतो, सर्टिफिकेट लावतो, स्पायरल बायंडिंगवर पैसे घालवतो. त्यात एक पान वाढवा. या प्रोजेक्टमध्ये असिस्टंटला काय करायची मुभा होती, आणि कोणती गोष्ट पुसली गेली तर कुणाचं नुकसान होईल. दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. ते लिहिताना एखादं माणूस डोळ्यापुढे येतं. आमच्यापुढे काकू आल्या असत्या. आणि ओरलला एकच प्रश्न वाढवा, 'डेटा गेला असं समजा, आता आमच्यासमोर परत आणून दाखवा.' ज्या ग्रुपला पाच मिनिटांत जमेल त्यांना पूर्ण मार्क द्या, मग कोड असिस्टंटनं लिहिलेला असो की त्यांनी. माझ्या मते तरी पुढच्या काळात इंजिनिअर ओळखायची ही खूण राहील. कोड कुणीही लिहून देईल. गेलेलं परत आणायची जबाबदारी कुणीतरी अंगावर घ्यावी लागते, आणि ती असिस्टंट घेत नाही. त्याला मेसमध्ये जेवायचं नसतं ना!

ॲप पुन्हा चालू आहे. नोटीस बोर्डावरचा आमचा जुना कागद मी स्वतः काढला. आता खाडा ॲपवर टाकायचा आणि वहीतही लिहायचा. दर रविवारी आम्ही दोन्ही ताडून बघतो. गेल्या आठवड्यात एक आकडा जुळला नाही. चूक वहीत होती. काकूंनी चष्मा लावला, खात्री केली, रेघ मारली, वर आकडा लिहिला आणि सही केली.

मग वही माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून तूही कर."

— टी. ई. (कॉम्प्युटर), लेडीज होस्टेल